जाळी तीच, गाठ कुठे मारायची?

मागच्या अंकात अंग बाहेर येण्याच्या, म्हणजे गर्भपिशवी किंवा योनीमार्ग सैल पडून खाली उतरण्याच्या, तक्रारीबद्दल चार ओळी लिहिल्या. त्यावर आलेली निम्म्याहून जास्त पत्रं, ऑपरेशनात अंग वर धरायला जी जाळी लावतात, तिच्याबद्दलच होती. त्यातली काही इथे घेते. नावं गाळली आहेत आणि लांब पत्रं आटोपशीर केली आहेत. कुणाचाही रिपोर्ट न बघता, तपासणी न करता मी लिहिते आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : वय 61, निवृत्त शिक्षिका. बऱ्याच वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढली. आता अंघोळ करताना खाली गोळा हाताला लागतो आणि संध्याकाळपर्यंत तो वाढतो. तीन ठिकाणी दाखवलं. दुर्बिणीतून जाळी लावायची यावर तिघांचं एकमत आहे. पण एक डॉक्टर म्हणतात हाडाला टाके घालून बांधू. दुसरे म्हणतात टॅकर मारला की काम पटकन होतं. तिसऱ्या बाई म्हणाल्या, हाडाकडे जायचंच कशाला, दोन्ही बाजूंना अडकवू. जाळी एक आणि मतं तीन. आमच्यासारख्यांनी काय ठरवायचं? — राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ताई, तिघंही बरोबर सांगताहेत, म्हणूनच तुमचा गोंधळ उडाला आहे.

पिशवी काढल्यावर योनीमार्गाचं वरचं टोक शिवून बंद केलेलं असतं. त्याला आम्ही व्हॉल्ट म्हणतो. त्याला वरून धरून ठेवणारे बंध सैल पडले की ते मोज्यासारखं उलटं होऊन खाली यायला लागतं. तुमच्या हाताला लागतो तो गोळा हाच, किंवा त्याच्यासोबत उतरलेलं मूत्राशय किंवा आतडं. ऑपरेशनात इंग्रजी वाय आकाराची पॉलिप्रोपिलीनची जाळी वापरतात. तिचा एक पाय योनीच्या पुढच्या भिंतीवर, मूत्राशय सोडवून घेऊन, बसवतात. दुसरा पाय मागच्या भिंतीवर, गुदाशयाच्या बाजूने बसतो. शेपूट वर नेऊन कंबरेच्या मणक्यांखालच्या त्रिकोणी हाडाला, म्हणजे सेक्रमला, बांधतात. याला सेक्रोकॉल्पोपेक्सी म्हणतात. पोट उघडून हे ऑपरेशन 1960 च्या दशकापासून होत आलं आहे, आणि दुर्बिणीतून 1990 च्या दशकापासून.

म्हणजे गाठी दोन जागी माराव्या लागतात, वर हाडापाशी आणि खाली योनीवर. तुम्ही विचारलंत ते फक्त वरच्या गाठीचं. आधी तिचंच बघू.

हाडावर थेट काही शिवलं जात नाही. मणक्यांच्या पुढून एक चिवट पट्टा उतरतो, अँटीरियर लाँगिट्यूडिनल लिगामेंट. सुई त्या पट्ट्यात घालायची असते. हा पट्टा जेमतेम दोन मिलिमीटर जाड असतो. सेक्रमच्या वरच्या कडेपाशी, म्हणजे प्रोमोंटरीपाशी, तो जाड आणि मजबूत असतो आणि खाली उतरावं तसा पातळ होतो. तेव्हा वर बांधलं तर गाठ पक्की. पण नेमकी तिथेच शेवटच्या मणक्याची चकती, म्हणजे डिस्क, असते. रुग्णाला डोकं खाली करून झोपवलं की पडद्यावर जो उंचवटा सगळ्यांत ठळक दिसतो तो पुष्कळदा हाडाचा नसून या चकतीचा असतो. नवा सर्जन फसतो तो इथे. खाली सरकून हाडाच्या सपाट भागावर यावं, तर तिथे शिरांचं जाळं पसरलेलं असतं. डावीकडे मोठी शीर, उजवीकडे मूत्रवाहिनी, मधोमध सेक्रमची रक्तवाहिनी. या सगळ्यांच्या मधून सापडणारी मोकळी जागा दोन बोटांएवढी. कुठलीही पद्धत घ्या, तिची परीक्षा या जागेत होते. म्हणून टाका की टॅक (टॅकरने ठोकायची धातूची बारीक फिरकी) यापेक्षा तो कुठे बसला हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

टाक्यात सुई किती खोल न्यायची हे सर्जनच्या हातात राहतं. पट्ट्यातून सुई आडवी फिरताना पट्ट्याखालून तिचा आकार दिसतो. तसा तो दिसला की चकतीत शिरलो नाही याची बऱ्यापैकी खात्री पटते. अडचण अशी की लांब दांड्याच्या चिमट्यांनी, त्या खोल कोपऱ्यात, वाकडी सुई फिरवून गाठ मारणं हे फार मेहनतीनं येणारं काम आहे. ज्यांना येतं त्यांना येतं. ज्यांना येत नाही ते वेळ घालवतात किंवा पुनःपुन्हा टोचतात, आणि प्रत्येक टोचणीत एखादी शीर लागायची भीती असते.

टॅकर मुळात हर्नियाच्या जाळीसाठी आला. बंदुकीसारखा दाबला की टायटॅनियमचं स्प्रिंगसारखं बारीक फिरकीचं टोक आत जाऊन बसतं. काम झटपट होतं आणि गाठ मारावी लागत नाही. पण त्या फिरकीची खोली आधीच ठरलेली असते. पट्टा दोन मिलिमीटर आणि फिरकी साधारण त्याच्या दुप्पट, म्हणजे ती पट्ट्यापलीकडे जाणारच. खाली हाड असेल तर उत्तम, चकती असेल तर नाही. शिवाय टॅकर सरळ उभा टेकवावा लागतो. तो तिरका लागला की फिरकी अर्धवट बसते. हे उपकरण एकदाच वापरायचं असतं, म्हणून बिलातही त्याची वेगळी ओळ येते. गंमत अशी की सेक्रमपुढच्या शिरेतून रक्त थांबेनासं झालं तर सर्जन तिथेच टायटॅनियमची टाचणी ठोकून ते थांबवतात. तेव्हा धातूला घाबरायचं कारण नाही. सांभाळायची ती त्याची जागा.

कशाने बांधलं यावरून अंग पुन्हा खाली येण्याचं प्रमाण बदलतं, असं आजवरच्या अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. माझा स्वतःचा कल टाक्यांकडे आहे, कारण खोली हातात राहते. पण आयुष्यभर टॅकरने हे काम करत आलेल्या माणसाला मी म्हणणार नाही की माझ्या पेशंटसाठी आज टाके घाला.

आता खालची गाठ. जाळीचा त्रास होतो तो बहुतेक वेळा इथून, आणि विचारत मात्र कुणी नाही. योनीच्या भिंतीवर टॅकर वापरायचा नसतो. भिंत पातळ असते, टोक आत डोकावतं, मग स्राव, टोचणं, संबंधांच्या वेळी नवऱ्याला टोचणं असं सगळं सुरू होतं. इथे टाकेच हवेत, आणि सुई योनीच्या आत न निघता भिंतीच्या जाडीतून फिरायला हवी. धागा कायमचा की विरघळणारा, हा जुना वाद. वर्षानुवर्षं कायमचा धागा वापरायची रीत होती, कारण सैल पडायची भीती. पण जाळीच्या छिद्रांतून काही आठवड्यांत आपलं मांस वाढून ती धरून ठेवतं. त्यानंतर धाग्याला फारसं काम उरत नाही. 2020 साली अमेरिकेतल्या एका चाचणीत एकूण 200 बायकांचे दोन गट करून कायमचा आणि सावकाश विरघळणारा धागा यांची तुलना झाली. वर्षभरानंतर जाळी किंवा धागा उघडा पडण्यात फरक आढळला नाही, आणि ऑपरेशनच्या यशातही नाही. मी विरघळणारा घेते. तो उघडा पडलाच तर निदान काही महिन्यांत नाहीसा होतो. अंगावर बारीक काटे असलेला धागाही हल्ली चालतो, त्याला गाठ लागत नाही. फक्त त्याचं शेपूट आखूड कापून वर पोटाचं अस्तर शिवून झाकायला हवं. नाही तर क्वचित त्यात आतडं अडकतं. काही ठिकाणी, विशेषतः फ्रान्समध्ये, खाली गोंद वापरतात. वेळ वाचतो, पण त्याचा अनुभव अजून थोड्या वर्षांचा आहे.

तिसऱ्या बाई म्हणतात ती पेक्टोपेक्सी. जर्मनीच्या गुंटर नोए यांनी ती रूढ केली. जाळीची दोन टोकं जांघेच्या आतल्या बाजूच्या मजबूत पट्ट्यांना, दोन्हीकडे, बांधतात. सेक्रमकडे जायचंच नाही, म्हणून तिथल्या शिरा, चकती, मूत्रवाहिनी या सगळ्यांपासून सुटका. आतड्याजवळून जाळी जात नसल्याने नंतरच्या बद्धकोष्ठाची तक्रारही कमी दिसली आहे. वजन जास्त असेल, किंवा आधीच्या ऑपरेशनांमुळे मागे आतडी चिकटली असतील, तर ही वाट मला पटते. मात्र तिथेही बाजूला मोठ्या रक्तवाहिन्या असतात. मागची भिंत, म्हणजे गुदाशयाकडचा फुगवटा, हा मुख्य त्रास असेल तर ही पद्धत तिथे कमी पडते. चौथी वाटही आहे. जिनिव्हाच्या द्युबुइसाँ यांच्या पद्धतीत जाळीचे हात पोटाच्या भिंतीतून बोगद्यासारखे बाजूला काढतात आणि वर काहीच शिवत नाहीत. मांसात धरून राहते तेवढ्यावरच जाळी टिकते. तीही पुढच्या आणि मधल्या भागासाठी चांगली, मागच्यासाठी नाही.

तेव्हा आधी विचारा की तुमचा फुगवटा मुख्यतः पुढचा आहे, वरचा की मागचा. मग विचारा की डॉक्टर सांगताहेत ती पद्धत त्यांची नेहमीची आहे का, आणि मध्येच रक्तस्राव झाला तर पुढे काय. आणि हेही विचारा की ते जाळी किती सैल ठेवतात. ती ताणून बांधली तर दुखतं, खोकल्यावर लघवी निसटायला लागते. या प्रश्नांवर जे डॉक्टर वैतागणार नाहीत, त्यांच्याकडे करा.

प्रश्न : आईचं वय 76, शुगर आहे, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला. अंग पूर्ण बाहेर येतं. अस्पतालात जाळीचं सांगितलं. पण इंटरनेटवर वाचलं की अमेरिकेनं जाळीवर बंदी घातली आहे. मग आपल्याकडे का लावतात? — सुदामानगर, इंदूर

उत्तर : बंदी अर्धी खरी आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल 2019 मध्ये कंपन्यांना विक्री थांबवायला सांगितलं ते अंग वर घेण्यासाठी योनीमार्गे बसवायच्या जाळ्यांचं. त्यात जाळी योनीतून छेद घेऊन बसायची, आणि उघडी पडणं, दुखणं, पुन्हा ऑपरेशन या तक्रारी खूप आल्या. ब्रिटननेही 2018 मध्ये योनीमार्गे जाळी बसवणं थांबवलं. पोटातून लावायच्या, वर लिहिलेल्या जाळीला ती अमेरिकी बंदी लागू नाही. म्हणून ती निर्धोक, असंही नाही. पोट उघडून जाळी लावलेल्या अमेरिकी बायकांचा सात वर्षं पाठपुरावा झाला. त्याचे निष्कर्ष 2013 मध्ये आले, आणि सात वर्षांत जाळी उघडी पडण्याची शक्यता शंभरात दहाच्या आसपास निघाली. त्यात जुन्या प्रकारच्या जाळ्याही होत्या. तरी आकडा विसरण्यासारखा नाही.

पण तुमच्या आईच्या बाबतीत जाळीआधी मला दुसरंच सुचतं. दुर्बिणीच्या या ऑपरेशनात पोटात गॅस भरून डोकं बरंच खाली करून दीड-दोन तास, कधी अधिक, झोपवावं लागतं. स्टेंट बसवलेल्या हृदयाला ते सोसेल का, हे आधी हृदयाच्या डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना विचारा. त्यापेक्षा कमी त्रासाचे मार्ग आहेत. अंग आत धरून ठेवणारी सिलिकॉनची रिंग योनीत बसवून बघता येते. किंवा खालूनच, जाळी न वापरता, आतल्या एका पट्ट्याला दोन टाके घालून बांधता येतं. यात काही दिवस नितंबात दुखतं, पण पोटात शिरावं लागत नाही. आणि आईला संबंधांचा प्रश्न उरलेला नसेल, तर योनीमार्ग आतून शिवून बंद करण्याचं जुनं ऑपरेशन आहे. ऐकायला कठोर वाटतं. पण ते कंबरेखालच्या भुलेतही होतं आणि पुन्हा अंग येणं त्यात फार कमी. निर्णय आईने घ्यायचा आहे, मुलांनी नव्हे. तिला खोलीबाहेर बसवून ठरवू नका.

प्रश्न : वय 31, एक मुलगी आहे. दुसरं मूल हवंय. पिशवी खाली सरकलीय. सासूबाई म्हणतात काढून टाक, डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून जाळीने वर बांधू. नक्की काय करू? — देवास

उत्तर : पिशवी काढायची गरज नाही आणि जाळीचीही एवढ्यात नाही. मूल होईपर्यंत रिंग वापरा आणि ओटीपोटाच्या खालच्या स्नायूंचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिका, मोबाइलवर बघून नको. गरोदरपणातही सुरुवातीच्या महिन्यांत रिंग चालू शकते. पुढे पोट वाढलं की पिशवी आपोआप वर चढते.

तरुण बायकांची पिशवी राखून वर बांधण्याच्या कामात आपल्याकडच्या डॉक्टरांनी जगाला शिकवलं आहे. मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांचं नाव बाहेर गर्भाशयाच्या तोंडाच्या टाक्यासाठी माहीत आहे. पण त्यांनी मर्सिलीनच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या, पट्टीने पिशवी मागे सेक्रमच्या कडेला बांधण्याची पद्धतही दिली. पुरंदऱ्यांची पद्धत पट्टी पुढे, पोटाच्या भिंतीच्या चिवट अस्तराला बांधते. ती सोपी, पण पिशवी पुढे ओढली गेल्याने मागे पोकळी राहते आणि तिथून आतडं उतरू शकतं. खन्नांची पट्टी बाजूच्या हाडाच्या टोकाला जाते. म्हणजे बांधायचं कुठे, हाच वाद आपल्याकडे कित्येक दशकांपूर्वीच चालला होता, दुर्बीण यायच्या कितीतरी आधी. इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयात शिकताना आम्ही धार-झाबुआकडच्या अगदी तरुण मुलींना या पट्ट्या बसवलेल्या बघितल्या आहेत. घरी बाळंतपण, आठवड्यात पुन्हा शेतात, आणि तिशी यायच्या आत अंग बाहेर. अशी पट्टी किंवा जाळी बसवल्यावर दिवस राहिले तर बहुतेक सर्जन सिझेरियनच सुचवतात. म्हणून तुमच्या बाबतीत आधी बाळंतपण, मग बांधणं, हा क्रम मला बरा वाटतो. सासूबाईंना हे पान वाचायला द्या.

प्रश्न : बहिणीचं दुर्बिणीतून जाळीचं ऑपरेशन दोन महिन्यांपूर्वी बाहेरगावी झालं. आता कंबर इतकी दुखते की कुशीवर वळता येत नाही, संध्याकाळी कणकण असते. हाडांच्या डॉक्टरांनी सायटिका म्हणून गोळ्या दिल्यात. — लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : हे पत्र हाती पडताच उत्तर पोस्टाने पाठवलं, इथे बाकीच्यांसाठी देते. जाळी हाडाला बांधल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी वाढत जाणारी कंबरदुखी, सोबत ताप किंवा कणकण, म्हणजे चकतीत जंतुसंसर्ग नाही ना हे आधी तपासायचं. रक्तात सीआरपी (सूज-संसर्गाचा अंदाज देणारी चाचणी) आणि कंबरेचा एमआरआय. माझ्याकडे अशीच एक रुग्ण कंबरेला पट्टा बांधून आली होती. तिला महिनाभर शेक घ्यायला सांगितलं होतं, आणि आधीच्या ऑपरेशनचा कागद कुणी मागितलाच नव्हता. संसर्ग निघालाच तर कित्येक आठवडे अँटिबायोटिक्स लागतात आणि काही वेळा जाळी काढावी लागते. लवकर कळलं तर निभावतं. ऑपरेशनचा कागद, त्यात टाके घातले की टॅक मारले हे लिहिलेलं, घेऊन जा. लिहिलेलं नसेल तर त्या सर्जनला फोन करून विचारा. तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : टॅकर लावलेल्या बाईला पुढे कधी एमआरआय करता येतो का? — वडोदरा

उत्तर : येतो. टायटॅनियम चुंबकाकडे ओढलं जात नाही. मशीनपाशी जाण्याआधी तंत्रज्ञाला सांगा आणि कागद दाखवा, एवढंच.

प्रश्न : ऑपरेशननंतर किती दिवस जपायचं? यंदा सालाचा गहू भरायचा आहे. — महू

उत्तर : गहू पुढच्या वर्षी तुम्ही भरा, यंदा घरातल्या पुरुषांना भरू द्या. सहा आठवडे पाण्याची भरलेली बादली नको, कणकेचा डबा उचलणं नको, संबंध नकोत. जाळीत मांस भरायचा हाच काळ असतो. चालणं मात्र दुसऱ्या दिवसापासून. पोट साफ राहील असं खा. कुंथण्याने टाक्यांवर जो ताण येतो तो जिने चढण्याने येत नाही. शरबती गव्हाच्या पन्नास किलोच्या गोण्या ओढायची सवय मात्र कायमची सोडा.

प्रश्न : मला रिंग बसवली आहे, ऑपरेशन नको आहे. पायी नर्मदा परिक्रमेला जायची इच्छा आहे. घरचे नाही म्हणतात. — इंदूर

उत्तर : जा. फक्त तयारीने जा. निघायच्या महिनाभर आधी रिंग तपासून घ्या, जुनी असेल तर बदला. ती स्वतः काढणं, साबणाने धुणं आणि परत बसवणं इथेच शिकून घ्या. दोन-चारदा माझ्यासारख्या डॉक्टरसमोर करून दाखवा. वाटेत तपासणीची वेळ चुकली तरी मग अडत नाही. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना विचारून हॉर्मोनचं क्रीम आठवड्यातून दोनदा लावा, म्हणजे घासून जखम होत नाही. पाठीवरचं ओझं कमी ठेवा. रक्त दिसलं किंवा वास यायला लागला, तर रिंग काढून सामानात ठेवा आणि जवळच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. बडवानी, नर्मदापुरम, मंडला, तिन्ही ठिकाणी ते आहे.